चौदा एप्रिलचा सिग्नल

माझ्या पप्पांनी एकोणतीस वर्षांत एकदाही सिग्नल तोडला नाही. हे मी लेक म्हणून कौतुकाने सांगत नाही, वैतागून सांगते आहे. रस्ता मोकळा असो, मागचा हॉर्न वाजवून वाजवून दमलेला असो, पप्पा लाल दिव्यासमोर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहणार. लहानपणी मी शेजारच्या सीटवरून म्हणायचे, "पप्पा, कोणी नाहीये, चला ना." ते म्हणायचे, "दिवा आहे ना." विषय तिथेच संपायचा.

अशा माणसाला ऑगस्टमध्ये बाळकुम नाक्यावर पोलिसांनी बसमधून खाली उतरवलं. पप्पा कोलशेतच्या एका ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हर. डोंबिवलीचे कामगार सकाळी उचलायचे आणि आठच्या आत कारखान्याच्या गेटवर सोडायचे, हे त्यांचं काम. त्या दिवशी नाकाबंदी होती. हवालदाराने लायसनचा नंबर मशीनमध्ये टाकला आणि म्हणाला, "काका, तुमचं लायसन सस्पेंड आहे." आतल्या सव्वीस कामगारांना रस्त्याच्या कडेला उतरवलं, बस जमा केली, आणि पप्पांच्या हातात कोर्टात हजर राहायचा कागद दिला.

मी डोंबिवलीत एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर दाखल्यांवरची नावं आणि जन्मतारखा तपासते. त्यामुळे मला कागद वाचायची सवय आहे, आणि वाचता वाचता डोकं तापायचीही. पप्पांनी आणलेला कागद मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या उभ्याच वाचला. मोटार वाहन कायदा, कलम १८२. लायसन निलंबित असताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या 'किंवा दोन्ही'पाशी माझं डोकं पहिल्यांदा फिरलं.

"सस्पेंड कसं झालं पण?" मी विचारलं.

"असेल काहीतरी मशीनचं," पप्पा म्हणाले.

"मशीन आपल्या मनाने लायसन सस्पेंड करतं का?"

"बघू गं. तू चहा टाक."

ते माझ्याकडे बघत नव्हते, बुटाची नाडी सोडत होते. बराच वेळ सोडत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझा राग त्या वेळी बाहेरच्या लोकांवर होता. घरात बघायची गरजच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला, पप्पांकडून अर्जावर सही घेतली आणि कल्याणच्या आरटीओत गेले. खिडकीतल्या माणसाशी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते, पण त्याने भांडायला जागाच ठेवली नाही. अर्ज वाचला, कॉम्प्युटरवर शोधलं आणि निलंबनाच्या आदेशाची प्रत काढून दिली. वीस जूनपासून तीन महिने. कारण: बसने लाल दिवा ओलांडला, ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता, कॅमेऱ्याने फोटो काढला. ड्रायव्हर कोण होता हे मालकाला विचारलं, मालकाने लेखी कळवलं की जगन होता, म्हणजे माझे पप्पा. ठिकाण कापूरबावडी. वेळ सकाळी अकरा वीस. तारीख चौदा एप्रिल.

तारीख वाचून मी तिथेच हसले. राग फार झाला की मला हसू येतं, घरचे या हसण्याला घाबरतात.

चौदा एप्रिलला माझे पप्पा गाडी चालवत नाहीत. नोकरी लागली तेव्हा त्यांनी मालकाला एकच अट घातली होती, जयंतीची सुट्टी मागणार नाही, घेणार. सकाळी पांढरा शर्ट घालून विहारात वंदना, मग दुपारपर्यंत आमच्या कोपरच्या कोपऱ्यावर सरबताचा स्टॉल, संध्याकाळी मिरवणुकीच्या कडेची दोरी धरून चालायचं, म्हणजे रिक्षा आणि बसना जायला वाट राहते. नाचणाऱ्या पोरांना "आत, आत, गाडी जाऊ द्या" असं ओरडून रात्री आवाज बसलेला असतो. यंदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. पप्पा पिंपात डाव बुडवून सरबत ढवळतायत, समोर पोरांची रांग. फोटोची वेळ अकरा सोळा. माणूस चार मिनिटांत डोंबिवलीच्या कोपरहून ठाण्याच्या कापूरबावडीला बस घेऊन पोचत नाही.

कल्याणहून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात मालकाला, मॅनेजरला आणि त्या कॅमेऱ्याला फैलावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि आता बघते एकेकाला, असं ठरवत आले.

घरी पप्पा आणि आई जेवायला बसले होते. मी फोन पप्पांच्या ताटाशेजारी ठेवला, त्यावर तो फोटो, बाजूला आदेशाची प्रत.

"दुसऱ्याचा सिग्नल तुमच्या नावावर टाकलाय," मी म्हणाले. "हा पुरावा. उद्या पोलीस स्टेशनला जाऊ या."

पप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातलाच नाही.

"अहो, बोला ना," आई म्हणाली.

"या वेळी माझा नंबर होता," पप्पा म्हणाले.

मग जे कळलं ते मी त्यांच्या तोंडून तुकड्या-तुकड्याने ओढून काढलं. ट्रॅव्हल्समध्ये सात ड्रायव्हर. सगळ्यांची ओरिजिनल लायसन ऑफिसच्या कपाटातल्या ड्रॉवरमध्ये जमा, ड्रायव्हरच्या खिशात फक्त झेरॉक्स. हरवू नयेत म्हणून, असं ऑफिस सांगतं. ड्रायव्हर अचानक नोकरी सोडून पळू नये म्हणून, हे सगळ्यांना माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी भिवा नावाच्या ड्रायव्हरचं लायसन एकदा सस्पेंड झालं, वर्षभरात दुसऱ्यांदा पकडला गेला, आणि लायसन कायमचं गेलं. आठला गाडी गेटवर लागलीच पाहिजे, उशीर झाला तर कामगारांची हजेरी कापतात आणि कारखाना ट्रॅव्हल्सवर डाफरतो, म्हणून भिवा पळवायचा. भिवा कुटुंब घेऊन गावी निघून गेला. परत आला नाही.

तेव्हा पप्पांनी एक युक्ती काढली. माझ्या पप्पांनी. लाल दिव्यासमोर हात गुडघ्यांवर ठेवून बसणाऱ्या माणसाने.

सिग्नलचा फोटो पडला की आरटीओ मालकाला विचारतं, गाडी कोण चालवत होतं. मग ज्याने चालवली त्याचं नाव न देता, ज्याचा नंबर असेल त्याचं द्यायचं. त्याने सही करून द्यायची, तीन महिने गॅरेजमध्ये गाड्या धुवायच्या, पगार चालू. सात जणांत फिरत फिरत नंबर आला तर एकावरच दोनदा येत नाही, आणि कोणाचाच भिवा होत नाही. पप्पांनी सात नावांची यादी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. मॅनेजर हरिहर सर म्हणाले होते, "जगन, तू युनियनचा लीडर व्हायला पाहिजे होतास."

म्हणणारच. त्यांना काय, सोन्याहून पिवळं. गाड्या तशाच पळवता येतात, वेळ बदलायला नको, ड्रायव्हर कायमचा जात नाही. चूक सात जणांत वाटली की ती कोणाचीच राहत नाही, आणि ज्याच्या वेळापत्रकामुळे ती होते त्याला तर कोणी विचारतच नाही.

"आणि दोन महिने तुम्ही रोज युनिफॉर्म घालून निघत होतात," मी म्हणाले.

"गाड्या धुवायलाही युनिफॉर्म लागतोच."

"मग बाळकुमला स्टीअरिंगवर कसे होतात?"

"सूरजला ताप होता. हरिहर सर म्हणाले एक फेरी मार, कोण बघतंय. मी नाही म्हटलं. मग म्हणाले सव्वीस माणसं स्टॉपवर उभीयत, त्यांचा खाडा लागेल." त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "खाडा लागला असता गं."

सूरज म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात नवा ड्रायव्हर, अठ्ठावीस-तीस वर्षांचा. चौदा एप्रिलला पप्पांची बस त्यानेच नेली होती.

"पप्पा, तारीख चौदा एप्रिल होती. त्या तारखेखाली सही केलीत? तुम्ही?"

"तारीख वाचली नाही," पप्पा म्हणाले. "नंबर माझा होता. सही केली."

मला पहिलीत असताना शाळेच्या डायरीवर सही करायला शिकवली ती याच माणसाने. आधी वाचायचं, मग सही, असं म्हणत बोट धरून प्रत्येक ओळ वाचून घेतली होती. आपल्या लोकांना न वाचता अंगठे लावून किती पिढ्या गेल्या, असं त्या वयात सांगितलं होतं, मला कळत नसतानाही. माझा राग आधी पोलिसांवर होता, मग आरटीओवर, मग ऑफिसवर. गावभर हिंडून तो आमच्याच घरात येऊन बसला. मी आईने वाढलेलं ताट सरकवलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मी पप्पांशी पुन्हा बोलले नाही. हात दाखवून अवलक्षण करणाऱ्या माणसाशी काय बोलणार.

रविवारी हरिहर सर घरी आले. बरोबर सूरज. हरिहर सर पन्नाशीचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुण्याकडचं, गोड. आईने पाणी दिलं तर "कशाला त्रास, वहिनी" म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला आणि पप्पांसमोर ठेवला, वर पेन.

मी कागद उचलला. 'माझे लायसन निलंबित असल्याची बाब मी कार्यालयापासून लपवून ठेवली, व सदर दिवशी परवानगीशिवाय बस घेऊन गेलो.' खाली पप्पांचं नाव, सहीची रेघ.

"नुसती फॉर्मॅलिटी आहे," हरिहर सर म्हणाले. "वकील ऑफिसचा, दंड ऑफिस भरेल. जगन महिन्याभराने परत कामावर. माझा शब्द."

"आणि सही नाही केली तर?"

"तसं कशाला करेल तो?"

"केली नाही तर, सर."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "मग ऑफिसचा नाइलाज आहे, बाळ."

मला बाळ म्हणून घ्यायला आवडत नाही. "कलम १८० मी वाचलंय, सर. लायसन नसलेल्या माणसाला गाडी चालवायला दिली तर मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. म्हणून हा कागद. पप्पांनी लपवलं असं लिहून दिलं की मालक सुटला, तुम्ही सुटलात. सगळं करून सवरून नामानिराळे."

"प्रीती," आई हळूच म्हणाली.

सूरज इतका वेळ दाराशी उभा होता. तो पुढे झाला. "काका, करा ना साइन. मिटून जाईल सगळं. मला पण टेन्शन आलंय, घरी बायकोला सांगितलेलं नाय अजून."

माझा बांध तिथे फुटला. "तुझं टेन्शन? सिग्नल तू तोडलास, गाड्या पप्पांनी धुतल्या, ताप तुला आला, कोर्टात पप्पा जाणार, आणि टेन्शन तुला? एवढं महत्त्वाचं कोणाशी बोलत होतास रे फोनवर?"

सूरजने हरिहर सरांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"सरांशीच," तो म्हणाला. "त्या दिवशी कारखान्यात ओव्हरटाइमची बॅच होती. मी कापूरबावडीला अडकलेलो, तर सर सारखे फोन करत होते, कुठे पोचलास, कुठे पोचलास."

आईने रिकामा ग्लास उचलून आत नेला. बाहेर पाण्याची मोटार चालू होती.

"तो विषय वेगळा आहे," हरिहर सर म्हणाले आणि उठले.

पप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली. "ठेवून जा, सर," ते म्हणाले. "वाचून सांगतो."

पुढचे पंधरा दिवस घरात युद्ध होतं. आईचं म्हणणं सोपं होतं, सही करा. तीन महिने हा माणूस आत गेला तर लोकांना काय सांगू, मालकाशी भांडून आपल्याला काय मिळणार. मी म्हणायचे, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि वर मारणाऱ्याचे आभार मानायचे. पप्पा दोघींचं ऐकायचे आणि रोज संध्याकाळी तो कागद उघडून वाचायचे, जणू एकदा वाचायचा राहिलेला कागद आता वीस वेळा वाचून भरपाई करत होते. मला ते बघवत नव्हतं.

एक दिवस ते एकटेच कोलशेतला जाऊन आले. यादी आणायला गेले होते. त्यांच्याच अक्षरातली सात नावं आणि प्रत्येक नावापुढे हरिहर सरांनी टाकलेली तारीख, एवढाच काय तो पुरावा होता. कपाट उघडलं तर दाराला आतून चिकटपट्टीचे चार डाग होते. यादी नव्हती.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. मला माहीतंय ना काय होतं ते."

ठाण्याच्या कोर्टात आमचा नंबर साडेअकराला लागला. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. कलम १८२ ची त्या दिवशी आणखी चार-पाच प्रकरणं होती. प्रत्येकाला विचारत होत्या, गुन्हा कबूल आहे का, तो हो म्हणायचा, दंड, पुढचा. एका पोराने हेल्मेट नसल्यामुळे लायसन गेलं होतं तरी बाईक चालवली होती, तो हो म्हणून हसत बाहेर गेला. हरिहर सर मागच्या बाकावर ऑफिसच्या वकिलाशेजारी बसले होते. सूरज भिंतीला टेकून उभा होता. सही न केलेला कागद पप्पांच्या शर्टाच्या खिशात होता, घडी वर दिसत होती.

"गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल आहे, मॅडम," पप्पा म्हणाले. "गाडी मी चालवली. लायसन सस्पेंड आहे हे मला माहीत होतं. ऑफिसलाही माहीत होतं, त्यांनीच गाडी दिली."

बाईंनी पेन थांबवलं.

"आणि ज्या सिग्नलसाठी सस्पेंड झालं तो मी तोडला नव्हता. त्या दिवशी चौदा एप्रिल होता, मी गाडीवर नव्हतोच. दुसऱ्याचा सिग्नल मी सही करून माझ्यावर घेतला. आम्ही सात ड्रायव्हर तसं वाटून घेतो. ती पद्धत मीच काढली."

मागून कोणीतरी खोकलं. मी वळून पाहिलं नाही. मी सूरजकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं फक्त. गाडी मी चालवत होतो. चार शब्द. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"तेव्हा तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत की गाडी तुम्ही चालवत होतात," बाई म्हणाल्या. "आज म्हणता नव्हतात. मी यातलं कुठलं खरं धरायचं?"

हा प्रश्न मला पंधरा दिवसांत सुचला नव्हता. मी फोनमधला फोटो शोधायला लागले. पप्पांनी मात्र लगेच उत्तर दिलं.

"दोन्ही वेळेला नुकसान माझंच आहे, मॅडम. खोटं लिहून दोन महिने गाड्या धुतल्या. खरं बोलून काय होईल ते तुम्ही सांगा."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. फोटो मी पुढे नेऊन दाखवला, तो त्यांनी बघितला आणि फोन मला परत दिला. मग सांगितलं. दहा हजार दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. जबाबाची प्रत पोलिसांकडे आणि आरटीओकडे जाईल, मालकाची चौकशी होईल. खोटी माहिती दिल्याबद्दल आरोपीवर वेगळी कारवाई होऊ शकते. लायसनचं कार्ड दोन दिवसांत स्वतः जमा करायचं.

कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. पप्पा शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी दंड भरून आले, बाहेर हरिहर सर भेटले, "उद्यापासून येऊ नकोस म्हणावं त्याला" एवढंच बोलून निघून गेले. मी आत येऊन पप्पांशेजारी बसले. एक वाजला, दोन वाजले. मी म्हटलं पाणी आणू का, बाहेर शिपायाला विचारून दोन मिनिटं जाऊन या. ते म्हणाले, "उठेपर्यंत म्हटलंय ना."

पाठ सरळ, दोन्ही हात गुडघ्यांवर. लाल दिव्यासमोर बसतात तसे ते सव्वापाचपर्यंत बसले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतकं रडू येत होतं, की मी दोन्ही दाबून समोरच्या पंख्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कार्ड घ्यायला आम्ही कोलशेतला गेलो. दुपारची वेळ होती, गाड्या लागलेल्या, ड्रायव्हर ऑफिसबाहेर डबे उघडून बसलेले. पप्पांना बघून काहींनी डब्यांत मान घातली. एकाने सरकून जागा केली, पण पप्पा बसले नाहीत.

"मालकांना विचारून देतो," हरिहर सर म्हणाले.

"कोर्टाने सांगितलंय," पप्पा म्हणाले. "आणि ते माझं आहे."

हरिहर सरांनी कपाट उघडलं. दारावरचे चार डाग मी पाहिले. ड्रॉवरमध्ये सात कार्डं एका रबराने बांधलेली होती. पत्ते पिसतात तशी त्यांनी ती चाळली आणि पप्पांचं टेबलावर टाकलं. फोटोत पप्पांच्या मिशा काळ्या होत्या.

"माझं पण द्या."

सूरज दारात उभा होता, हाताला भाजी लागलेली.

"तुला कशाला?"

"असू दे माझ्याकडे. पुढचं माझं मी बघेन. माझा सिग्नल माझ्या नावावर."

हरिहर सर काहीतरी बोलायला गेले, तोवर त्याच्या मागून आणखी एक जण आला, मग तिसरा. दोघांनी हात पुढे केले. बाकीचे तिघे डब्यांवरून उठले नाहीत, त्यातला एक तर मुद्दाम पाठ करून बसला. हरिहर सरांनी शेवटी तिघांची कार्डं काढून दिली. सूरजने कार्ड खिशात घातलं आणि पप्पांच्या पाया पडायला वाकला, तर पप्पांनी त्याला वरच्या वर धरलं. पप्पांनी त्याला माफ केलं असेल. मी केलेलं नाही. ते चार शब्द त्याने आदल्या दिवशी कोर्टात बोलायचे होते, आणि हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो "हो ताई" म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

तिथून आम्ही थेट कल्याणला आरटीओत आलो. खिडकीत तोच माणूस होता. रांगेत आमच्यामागे पंधरा-वीस जण, बहुतेक एजंटांची पोरं, हातात फायलींचे गठ्ठे.

"कोणाचं कार्ड?" त्याने विचारलं.

"माझंच," पप्पा म्हणाले.

"कोणी पाठवलंय? कोणाचं काम आहे?"

"कोणी नाही. मीच आणलंय."

त्याने कार्ड घेतलं, नंबर पाहिला, ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि एक रजिस्टर खिडकीतून बाहेर सरकवलं. "इथे सही करा."

पप्पांनी पेन घेतलं आणि बाजूला ठेवलं. खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला. मग वरच्या मथळ्यापासून वाचायला सुरुवात केली. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर, कारण, आदेशाचा क्रमांक. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून, ओठ हलवत. खिडकीतल्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं. मागची रांग चुळबुळली. एक पोरगा म्हणाला, "ओ काका, सही मारा ना, अख्खी लाइन थांबलीय."

मी मागे वळले. पंधरा दिवसांचा, दोन महिन्यांचा, सहा वर्षांचा सगळा राग माझ्या तोंडाशी आला होता, आणि त्या पोराला कळलंच नसेल की एवढ्याशा बोलण्यावर ही बाई आपल्याकडे अशी का बघतेय.

"वाचू द्या त्यांना," मी म्हणाले.

पप्पांचं बोट तारखेच्या रकान्यावर येऊन थांबलं. त्यांनी तारीख दोनदा वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून खात्री केली, आणि मग सही केली.